वादळ येण्याआधी

(मे महिन्यातील हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



दरवर्षी या मेळाव्यात मी वाडीवरच्या कामाचा अहवाल देते. मुलं शाळेत टिकली का, किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती जणांचे जातीचे दाखले निघाले, हे तुम्ही आस्थेने ऐकता. यंदा पाळकसाहेबांनी विचारलं, "विषय काय ठेवू?" मी म्हटलं, "दोरी." ते हसले. पण आज मी खरोखरच दोरीबद्दल बोलणार आहे. मोठं वादळ येणार असं कळल्यावर घराने काय तयारी करावी, एवढाच विषय आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही तुमच्यापुढे कबूल करणार आहे. तुम्ही ज्या कामासाठी दान देता, त्या कामात काय चुकलं हे ऐकण्याचा तुमचा हक्क आहे.

दोन जूनचा दिवस

3 जून 2020 ही तारीख रायगडकर विसरणार नाहीत. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पन्नास-साठ वर्षांची झाडं काही तासांत गेली. विजेचे खांब इतके पडले की कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती.

तो कोरोनाचा काळ होता हे आठवा. मार्चपासून टाळेबंदी. आमची कातकरी माणसं वीटभट्ट्यांवर अडकली होती. मे महिन्यात काही जण चालत, काही टेम्पोतून वाडीवर परत आले. मुकादमाशी हिशेब अर्धाच झालेला, हातात पैसा नाही. दरवर्षी याच दिवसांत आगोटीची तयारी चालते. सरपण भरायचं, सुकी मासळी घ्यायची, कौलं चाळायची, कुडाला शेणमाती लिंपायची. त्या वर्षी आगोट झालीच नव्हती.

1 जूनला समुद्रावरच्या कमी दाबाच्या क्षेत्राची बातमी आली. 2 जूनला त्याचं चक्रीवादळ झालं. त्याच दिवशी पास मिळवून मी आणि आमचा एक सहकारी वाडीवर पोहोचलो. म्हसळा आणि श्रीवर्धनच्या मधल्या डोंगराच्या कुशीत ही तीसेक घरांची वाडी आहे. बहुतेक घरं कारवीच्या कुडाची, वर कौलं किंवा पत्रे, कुठे नुसतं प्लास्टिक.

मी सगळ्यांना चिंचेखाली बसवलं. "उद्या चक्रीवादळ येणार आहे," असं सांगितलं. एका बाईने विचारलं, "म्हंजे वावटळ का, ताई?" मी म्हटलं, "हो, मोठी वावटळ." सगळे हसले. वावटळ त्यांनी रोज पाहिलेली. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, "किती मोठी?" मला सांगता आलं नाही. मी ताशी किलोमीटरचा आकडा सांगितला. त्याने कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग मी मोबाईलवर आलेली सूचनांची यादी वाचली. टॉर्च आणि सेल ठेवा. रेडिओ ठेवा. प्रथमोपचार पेटी ठेवा. खिडक्यांच्या काचा बंद करा. गॅसची टाकी बंद करा. माझं वाचून झाल्यावर त्याच बाईने शांतपणे विचारलं, "ताई, यातलं काय हाय आमच्याकडं?"

मी गप्प झाले. ती यादी चांगलीच होती, पण ती तुमच्या-माझ्या घरासाठी होती. त्या घराला काच नव्हती, गॅस नव्हता. त्याला होते कुड, पत्रा, चार हंडे, दोन शेळ्या आणि कोंबड्यांचं डालगं.

माझी चूक

पक्की म्हणावी अशी एकच इमारत होती, ती शाळा. तिला कुलूप आणि किल्ली दुसऱ्या गावात. ती मिळवायला रात्रीचे आठ वाजले. तोवर पाऊस सुरू झाला होता. आम्ही घरोघर जाऊन माणसं शाळेत आणत होतो. कोरोनाची भीती होतीच. इतकी माणसं एका खोलीत कशी ठेवायची, ही काळजी मला खात होती. म्हणून मीच दारात उभं राहून सांगितलं, "शाळेत जनावरं नकोत. घाण होईल, आजार पसरेल."

वाडीच्या टोकाला एक आजी एकटी राहते. ती म्हणाली, "मी नाय येत." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "जागा मालकाची हाय. घर रिकामं दिसलं तर उद्या म्हनेल, सोडून गेली." हे कारण खोटं नव्हतं. आमच्या कित्येक वाड्या दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत. घर आपलं, पण घराखालची जमीन आपली नाही. मी तिला समजावलं, ती ऐकेना. मी दमले होते, भिजले होते. मी तिचा हात हातात घेऊन प्रार्थना केली, "प्रभू, तू हिचं रक्षण कर," आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं छप्पर उडालं. छप्पर गेल्यावर कुड आत कोसळला आणि ती त्याखाली सापडली. वारा उतरल्यावर पोरांनी तिला बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं. रस्त्यावर झाडंच झाडं. रात्रभर ती शाळेच्या फरशीवर कण्हत होती. सकाळी बांबूला चादर बांधून, डोली करून चौघांनी तिला खाली नेलं. देवाच्या कृपेने ती वाचली. पण आजही ती काठीशिवाय चालत नाही.

दोन महिन्यांनी मी तिच्याजवळ बसले होते. तिने मला सांगितलं, "ताई, माझी शेळी गाभण होती. आज-उद्या व्यायची होती. तू म्हनलीस जनावर नको. मंग मी कशी येनार?"

बंधुभगिनींनो, जमिनीचं कारण तिने मला सांगितलं, कारण मोठ्या माणसांना ते पटतं हे तिला माहीत होतं. शेळीचं कारण तिने सांगितलं नाही, कारण मी हसेन असं तिला वाटलं. ती शेळी म्हणजे तिचं वर्षभराचं मीठ-तेल होतं. मी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि ती दारात थांबली ती माझ्याच नियमामुळे. मी प्रार्थना केली हे चुकलं नाही. प्रार्थना करून मी मोकळी झाले, हे चुकलं.

जहाज दोरांनी बांधणारे लोक

त्या पावसाळ्यात मी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 27 वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. धर्मज्ञानाच्या डिप्लोमाला असताना त्यावर मी प्रश्नोत्तरं लिहिली होती, नकाशा काढला होता. पण वादळ पाहिल्यावर तो अध्याय वेगळाच दिसला.

पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. तो आधीच सांगतो की पुढे जाणं धोक्याचं आहे. शताधिपती मात्र तांडेल आणि जहाजाचा मालक यांचं ऐकतो. मग तुफान येतं. रात्री देवाचा दूत पौलाला अभिवचन देतो की जहाज जाईल, पण एकही जीव जाणार नाही. आता एवढं अभिवचन मिळाल्यावर माणूस काय करील? मी असते तर हात जोडून बसले असते. पौल बसत नाही. खलाशी होडीतून पळून जायला बघतात तेव्हा तो शताधिपतीला सावध करतो, कारण जहाज सांभाळणारे हातच गेले तर बाकीचे कसे वाचणार? उपाशी लोकांना तो भाकर खायला लावतो, कारण पुढे पोहायला अंगात ताकद हवी. जहाजावरचे लोक सुरुवातीलाच जहाज दोरांनी आवळून बांधतात, ओझं फेकतात, मागून चार नांगर टाकतात. शेवटी 276 माणसं किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळीवर.

देवाचं अभिवचन आणि माणसाच्या हातातला दोर या दोन्ही गोष्टी त्या अध्यायात एकाच जहाजावर आहेत. योसेफानेही मिसरात सात वर्षं धान्य साठवलं. तो अविश्वास नव्हता, ती आज्ञाधारकता होती.

आणखी एक गोष्ट सांगते. वाडीवर एकदा मी दोन घरांचा दाखला सांगितला, एक खडकावरचं आणि एक वाळूवरचं. एका तरुणाने विचारलं, "ताई, खडकावर बांधायला जागा कोन देनार?" दाखल्याचा आत्मिक अर्थ मी त्याला सांगितला. पण त्याचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता आम्ही काय करतो

त्यानंतर दर मे महिन्यात, आगोटीच्या कामांबरोबरच, आम्ही वाडीवर वादळाची तयारी करतो. ही पद्धत वाडीवाल्यांनीच घडवली आहे. मी क्रमाने सांगते, म्हणजे तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, खबर. हवामान खातं साधारण तीन दिवस आधी पूर्वसूचना देतं, दोन दिवस आधी इशारा देतं आणि एक दिवस आधी पक्की धोक्याची सूचना देतं. म्हणजे तीन दिवस हातात असतात. प्रत्येक वाडीत दोन जणांकडे फोनची जबाबदारी आहे, त्यातली एक बाई असते. वाऱ्याचा वेग कसा सांगायचा, तेही आता शिकलो. ताशी 62 किलोमीटरपासून त्याला चक्रीवादळ म्हणतात, 89 पासून तीव्र आणि 118 पासून अतितीव्र. हे आकडे वाडीत कुणाच्या कामाचे नाहीत. आम्ही सांगतो, "मोटारसायकल डांबरी रस्त्यावर जोरात सोडली की तोंडावर जो वारा लागतो, त्याच्या दुप्पट." मग कुणी हसत नाही.

दुसरी गोष्ट, छप्पर. लोकांना वाटतं वारा घराला ढकलतो. ढकलतो, पण त्याहून जास्त तो छप्पर वर उचलतो. एक कागदाची पट्टी ओठाखाली धरून वरून फुंकर मारा, पट्टी वर उठते. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि मुलांकडून तो घरी पोहोचतो. वळचणीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो आणि वरून जाणारा वारा ओढतो. म्हणून छपराच्या कडा आणि कोपरे आधी सुटतात. वासा आढ्याला आणि मेढीला तारेने किंवा दोरीने दुहेरी बांधायचा. नुसता खिळा पुरत नाही. पत्रा असेल तर हुकाचे बोल्ट आणि वायसर, आणि कडेच्या रांगेला जवळजवळ. मग छपरावरून आडव्या दोऱ्या टाकून दोन्ही बाजूंना जमिनीत तिरक्या ठोकलेल्या खुंट्यांना ताणून बांधायच्या. पत्र्यावर दगड ठेवायची सवय मोडायला आम्हांला फार वेळ लागला. साध्या वाऱ्यात दगड चालतो. मोठ्या वाऱ्यात पत्रा उठला की तोच दगड आतल्या माणसाच्या डोक्यावर येतो. आणि हे सगळं करूनही कुडाच्या घरात वादळाच्या वेळी कुणी थांबायचं नाही. दोरी घर वाचवण्यासाठी आहे, माणसं शाळेत.

तिसरी गोष्ट, घराभोवतीचं अंगण. सुकलेल्या फांद्या आधीच उतरवायच्या. सुटे पत्रे, बादल्या, फळ्या, कोयते आत घ्यायचे किंवा बांधायचे. मोठ्या वाऱ्यात सुटी वस्तू गोफणीच्या दगडासारखी येते.

चौथी गोष्ट, कागद. आमच्याकडे रेशनकार्ड, आधारकार्ड, जॉबकार्ड, जातीचा दाखला हे सगळं पिशवीत घालून कुडात किंवा वाशाला खोचलेलं असतं. छप्पर गेलं की पहिले तेच जातात. 'निसर्ग'नंतर पंचनामे झाले तेव्हा एका कुटुंबाकडे ओल्या लगद्याशिवाय काही उरलं नव्हतं. घर पडलेलं दिसत होतं, पण ते कुणाचं हे दाखवायला कागद नव्हता. त्यांची धावपळ दिवाळीपर्यंत चालली. म्हणून आता प्रत्येक घरी घट्ट फिरकीच्या झाकणाची एक प्लास्टिकची बरणी आहे. कागद दोन पिशव्यांत गुंडाळून त्यात. थोडे पैसे, गोळ्या आणि काडेपेटी दुसऱ्या छोट्या डब्यात. कागदांचे फोटो आमच्या फोनमध्येही ठेवलेले आहेत. आणि मे महिन्यात प्रत्येक घराचा, घरातल्या माणसांना पुढे उभं करून, एक फोटो काढतो. घर होतं याचा तो पुरावा.

पाचवी गोष्ट, पाणी आणि खाणं. वादळानंतर वीज नाही म्हणजे नळयोजनेचा पंप नाही, आणि विहिरीत पालापाचोळा पडतो. म्हणून आदल्या दिवशी सगळे हंडे, कळशा भरून झाकायच्या. दोन-तीन दिवस चूल पेटणार नाही असं धरून भाकऱ्या भाजून ठेवायच्या. भाजलेले चणे, गूळ, चुरमुरे. थोडं सुकं सरपण प्लास्टिकखाली. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. हे माप वाडीतल्या मुलींना पाठ आहे. मीठ जास्त पडता कामा नये, हेही त्या बजावून सांगतात.

सहावी गोष्ट माणसं, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. वाडीची एक यादी असते. म्हातारे, अपंग, गरोदर बाई, ओली बाळंतीण, तान्हं मूल, आजारी माणूस आणि दारूच्या नशेत सापडण्याची शक्यता असलेलाही. प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लिहिलेलं आहे, की याला कोण आणणार. दिवस भरत आलेल्या बाईला दोन दिवस आधीच दवाखान्याच्या गावी पोहोचवायचं. कुणी "नाय येत" म्हटलं तर एकदा विचारून परतायचं नाही. दुसरा माणूस जातो, मग तिसरा. आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "घरात काय ठेवून येववत नाही?" उत्तर कधी शेळी असतं, कधी नवऱ्याचा फोटो, कधी भट्टीवरून आणलेली उचल पत्र्याच्या डब्यात पुरलेली असते. ते कळलं की माणूस उठतो.

सातवी गोष्ट, जनावरं. शेळ्या शाळेच्या पडवीत, माणसांबरोबर. कोंबड्या डालग्यात घालून आत. गुरांना दाव्याला बांधून ठेवायचं नाही, मोकळं सोडायचं. घाण होते. ती झाडून काढता येते.

आठवी गोष्ट, मध्येच वारा थांबला तर फसायचं नाही. वादळाचा डोळा वरून जात असेल तर काही वेळ एकदम शांत होतं, कधी ऊनही पडतं. माणसं घर बघायला बाहेर येतात आणि तेवढ्यात उलट दिशेने तसाच वारा सुरू होतो. म्हणून खबर येईपर्यंत दार उघडायचं नाही.

शेवटची गोष्ट, वादळानंतर. पडलेल्या तारेला हात लावायचा नाही, ती मेलेली आहे असं धरायचं नाही. ढिगाऱ्यात साप-विंचू असतात, काठीने उचकायचं. कललेल्या भिंतीखाली जायचं नाही. पाणी उकळून प्यायचं. आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांनी वाऱ्याइतकीच पावसाची भीती धरायची. जुलै 2021 मध्ये महाडजवळचं तळिये आणि जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, दोन्ही दरडीखाली गेली. इर्शाळवाडी तर आपल्या ठाकर बांधवांची वाडी होती, आणि दरड रात्री आली. जमिनीला नवी भेग दिसली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर पंचनाम्याची वाट न बघता निघायचं.

पुढच्या वर्षी

मे 2021 मध्ये 'तौक्ते' आलं. ते 16 आणि 17 मेला कोकण किनाऱ्याजवळून वर सरकत गेलं आणि रात्री गुजरातला धडकलं. आमच्याकडे घुसलं नाही, पण वारा आणि पाऊस जोरदार होता. या वेळी किल्ली आदल्या दिवशीच वाडीत होती. दोऱ्या बांधून झाल्या होत्या. वाडीत येशूला मानणारी घरं मोजकीच आहेत, पण खुंट्या ठोकताना कोण कुठल्या देवाचा हे कुणी विचारलं नाही. चार-पाच घरांची कौलं गेली, एकाचा पत्रा वाकला. माणूस एकही जखमी झाला नाही.

आजीला आणायला जाणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव घातलं होतं. मी गेले तेव्हा ती काठी घेऊन तयार बसली होती. शेळीच्या दाव्याचं टोक तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू हिला धर. मी येते माझी माझी." पडवीत रात्रभर शेळी ओरडत होती. कुणालाही झोप लागली नाही. तरी मला त्या रात्री फार शांती होती.

हे सगळं जमलं आहे असं मात्र समजू नका. आजीच्या घराखालची जमीन अजून तिच्या नावावर नाही. वाडीला कायमची, पक्की, दरडीपासून लांब अशी जागा हवी आहे. त्यासाठीचे अर्ज आणि खेपा चालू आहेत. दोरी हा त्याला पर्याय नाही. दोरी फक्त पुढचा पावसाळा पार पाडते.

तुमच्याकडे मागणं

तुमच्यातले बरेच जण मुंबई, पुणे, नाशिककडचे आहात. 'निसर्ग' पुण्यापर्यंत आलं होतं आणि तिथेही झाडं पडली होती, हे तुम्हांला आठवत असेल. तेव्हा आधी आपल्या घराकडे बघा. खिडकीच्या कठड्यावरच्या कुंड्या आत घ्या. गच्चीवरचे पत्रे, पाण्याच्या टाकीची झाकणं बांधा. गाडी झाडाखाली, जाहिरातीच्या फलकाखाली लावू नका. फोन आणि बॅटरी भरून ठेवा, कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. आणि तुमच्या इमारतीत एकटं कोण राहतं, हे शोधा. त्यांच्या दारावर दोनदा टकटक करा.

मग आमच्याकडे बघा. आम्हांला जाड नायलॉनची दोरी, ताडपत्री, बांधणीची तार, पत्र्याचे हुक आणि झाकणाच्या बरण्या लागतात. जुने कपडे खूप येतात, त्यांची सध्या गरज नाही. वादळ झाल्यावर मदत पुष्कळ येते, त्याबद्दल प्रभूची स्तुती असो. माझी विनंती आहे की त्यातला थोडा वाटा मे महिन्यात, वादळाच्या आधी द्या. आणि तरुण संघातल्या ज्यांना जमेल त्यांनी एक शनिवार वाडीवर खुंट्या ठोकायला या. दोरीची गाठ कशी मारायची ते आमची पोरं तुम्हांला शिकवतील.

घरी गेल्यावर प्रार्थनेसाठी हे विषय घ्या:

- भट्ट्यांवरून परतणारी कुटुंबं पावसाआधी सुखरूप पोहोचावीत आणि त्यांचा हिशेब पूर्ण मिळावा.
- फोनची जबाबदारी घेतलेल्या भावाबहिणींना योग्य वेळी योग्य शब्द सुचावेत, आणि लोकांनी त्यांचं ऐकावं.
- वाडीच्या जागेचा प्रश्न सुटावा.
- आजीच्या पायाचं दुखणं कमी व्हावं. तिने स्वतः हा निरोप तुमच्यासाठी दिला आहे.
- आम्हां सेवकांना दुसऱ्यांदा विचारायचा धीर मिळावा.

 प्रभू तुमच्या घरांना आणि आमच्या वाड्यांना या पावसाळ्यात सांभाळो. आमेन.